सहाशे खुर्च्यांचं सभागृह, आठ चॅनेल आणि तीन तऱ्हेचे लोड

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी एका शिक्षणसंस्थेचं बाल्कनीसह सहाशे खुर्च्यांचं सभागृह आहे. संस्थेची आणि यंत्रांची नावं गाळली आहेत. इथे व्याख्यानमाला, स्नेहसंमेलन, कीर्तन, पालकसभा असे कार्यक्रम होतात. नाटक किंवा ऑर्केस्ट्रा आला, तर त्यांचा साऊंडवाला स्वतःचा संच घेऊन येतो. पुढच्या एका निर्णयात या गोष्टीला महत्त्व आलं.

आतला संच असा. रंगमंचाच्या दोन बाजूंना ८ ओहमचे दोन टॉप (मधले आणि वरचे स्वर वाजवणारे मुख्य स्पीकर), प्रत्येकी सलग ताकद ३५० वॅट. खाली १८ इंची दोन सब (फक्त बेस वाजवणारे स्पीकर), प्रत्येकी ८ ओहम, सलग ६०० वॅट. बाल्कनीखाली आणि वर मिळून ८ ओहमचे चार छोटे स्पीकर. याशिवाय व्हरांडे, पुढचं अंगण आणि मागचं मैदान यांसाठी १०० व्होल्ट लाइनवरचे बारा कॉलम, म्हणजे उभे लांबट स्पीकर. अशा लाइनवर प्रत्येक स्पीकरला स्वतःचा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे एकाच लांब तारेवर अनेक स्पीकर चालतात. ही लाइन जुन्या काळच्या मिक्सर-ॲम्पवर वर्षानुवर्षं चालत होती.

नूतनीकरणात जुना ॲम्प काढून चार चॅनेलचे दोन एकसारखे ॲम्प आले. प्रत्येक चॅनेल ८ ओहमला ३०० वॅट, ४ ओहमला ५०० वॅट. दोन चॅनेल ब्रिज केले, म्हणजे एकाच लोडच्या दोन टोकांना परस्परविरुद्ध दिशेने चालणारे असे जोडले, की ८ ओहमला १००० वॅट. एकट्या चॅनेलला ४ ओहमपेक्षा कमी लोड लावू नये आणि ब्रिजला ८ ओहमपेक्षा कमी लावू नये, असं मागच्या पट्टीवर छापलेलं होतं. (लोड म्हणजे ॲम्पला जोडलेले स्पीकर; ओहम जितके कमी, तितकं ॲम्पवरचं ओझं जास्त.) जोडणी करणाऱ्याने पहिल्या ॲम्पचे ए-बी ब्रिज करून दोन्ही सब त्यावर टाकले, सी आणि डी वर डावा-उजवा टॉप. दुसऱ्या ॲम्पवर ए आणि बी ला बाल्कनीचे दोन-दोन स्पीकर, सी वर बाहेरची लाइन, डी रिकामा.

तक्रारी

पहिली तक्रार सबची. गॅदरिंगच्या तालमीत लेझीम-ढोलाचा ट्रॅक लागला की वीस-पंचवीस मिनिटांत प्रोटेक्टचा, म्हणजे ॲम्पने स्वतःला वाचवायला आउटपुट तोडल्याचा, लाल दिवा लागायचा आणि बेस गायब व्हायचा. पाच मिनिटांनी आपोआप परत यायचा. दुपारी लवकर, रात्री उशिरा. त्यावरून सगळ्यांनी उन्हाळ्याला दोष दिला आणि रॅकमागे टेबलफॅन लावला.

दुसरी तक्रार बाहेरच्या लाइनची. जुन्या ॲम्पवर मैदानाच्या टोकापर्यंत सूचना स्पष्ट जायची, नव्यावर जाईना. आवाज वाढवला की क्लिपचा, म्हणजे ॲम्पची व्होल्टची मर्यादा संपल्याचा, दिवा लागून शब्द फाटायचे. ही लाइन आधी ब्रिजवर लावून पाहिली होती आणि ॲम्प लागलीच प्रोटेक्टमध्ये गेला होता. तेव्हा कारण न शोधता ती एकट्या चॅनेलवर आणली गेली. रॅकच्या दारावर आतून चिठ्ठी होती: ‘बाहेरची लाइन ब्रिजवर लावू नये.’ सूचना बरोबर होती, पण कारण लिहिलेलं नसल्याने तिचा उपयोग शून्य.

मोजमाप

संस्थेने दुसऱ्या तंत्रज्ञाला बोलावलं तेव्हा स्नेहसंमेलनाला दोन आठवडे होते. त्याने ॲम्प उघडले नाहीत. आधी लोड मोजले.

सबच्या केबलवर ४ ओहम निघाले, कारण दुसरा सब पहिल्याच्या मागच्या सॉकेटमधून पुढे जोडलेला होता. दोन ८ ओहमचे स्पीकर समांतर, म्हणजे ४. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला बाहेरच्या लोडचा निम्माच भाग दिसतो, म्हणजे ए आणि बी ला २ ओहम दिसत होते. तेही नाममात्र, ८ ओहमच्या सबचा प्रतिरोध काही फ्रिक्वेन्सींना सहाच्या आसपास उतरतो, तेव्हा चॅनेलला दीड ओहमच उरतो. ॲम्प तापत होता तो या लोडमुळे. उन्हाने फक्त काही मिनिटांचा फरक पडत होता.

बाहेरची लाइन मोजताना साध्या मल्टीमीटरवर भरवसा ठेवता येत नाही. तो ट्रान्सफॉर्मरच्या तारेचा डीसी रोध दाखवतो, तीन-चार ओहम, आणि पाहणारा घाबरतो. इथे १ किलोहर्ट्झवर इम्पीडन्स, म्हणजे आवाजाच्या सिग्नलला होणारा एकूण विरोध, मोजणारा मीटर लागतो. १०० व्होल्ट लाइनचा हिशेब सोपा: १०,००० ला एकूण वॅटने भागायचं. बारा कॉलम, प्रत्येकाचं टॅपिंग (ट्रान्सफॉर्मरवर निवडलेली ताकद) २० वॅट, एकूण २४० वॅट, म्हणजे सुमारे ४२ ओहम दिसायला हवे होते. मीटरने २६ दाखवले, म्हणजे लाइनवर ३८० वॅटच्या आसपास लोड. शिडी लावून एकेक कॉलम पाहिला, तेव्हा चार कॉलम ४० वॅटच्या टॅपिंगवर निघाले आणि मैदानाकडे ३० वॅटचे दोन भोंगे कुणीतरी नंतर टोचलेले सापडले. आवाज कमी पडला की टॅपिंग वाढवायचं ही सवय सगळीकडे दिसते. त्याने तो एक कॉलम मोठा होतो, पण ॲम्प आधीच क्लिप होत असेल तर वाढलेल्या लोडने लाइन आणखी खचते.

मग तिसरी मोजणी: लाइन ॲम्पपासून सोडवून प्रत्येक तार आणि अर्थिंग यांच्यामधला रोध. एका तारेवर जवळजवळ शून्य. विभाग निवडायचं जुनं स्विच-पॅनेल वेगळं केल्यावर तो शून्य नाहीसा झाला. या पॅनेलमध्ये प्रत्येक विभागाची एकच तार स्विचवरून जायची. दुसरी सगळ्यांची सामाईक होती आणि पॅनेलच्या पत्र्याला, पर्यायाने अर्थिंगला, बांधलेली होती.

जुन्या मिक्सर-ॲम्पला आउटपुट ट्रान्सफॉर्मर होता. त्याची दुय्यम बाजू मोकळी असल्याने एक तार अर्थ केली तरी बिघडत नसे. ब्रिजमध्ये मात्र दोन्ही तारा जिवंत असतात: एक ए चॅनेलचं लाल टोक, दुसरी बी चॅनेलचं लाल टोक. त्यातली एक अर्थला लागली की एक चॅनेल सरळ शॉर्ट. चिठ्ठीमागचं कारण हे होतं.

आधी हिशेब

पर्यायांकडे जाण्याआधी तंत्रज्ञाने सचिवांसमोर फळ्यावर एक गोष्ट मांडली. चॅनेल एकत्र केल्याने वॅट जन्माला येत नाहीत. प्रत्येक चॅनेलला दोन मर्यादा असतात: किती व्होल्ट देता येतात आणि किती अँपिअर. या ॲम्पमध्ये ८ ओहमला ३०० वॅट म्हणजे सुमारे ४९ व्होल्ट आणि ६ अँपिअर. ४ ओहमला ५०० वॅट म्हणजे ४५ व्होल्ट आणि ११ अँपिअर. ब्रिज केल्याने व्होल्ट दुप्पट होतात, अँपिअर तेवढेच राहतात. समांतर केल्याने अँपिअर दुप्पट होतात, व्होल्ट तेवढेच राहतात.

ब्रिजवर ८ ओहम लावले, तर प्रत्येक चॅनेलला ४ दिसतात आणि ५०० अधिक ५०० असे १००० वॅट मिळतात. खरी समांतर जोडणी असलेल्या ॲम्पवर २ ओहम लावले, तरी प्रत्येकाला ४ च दिसतात आणि १००० च मिळतात. ब्रिजवर १६ ओहम किंवा समांतर जोडणीवर ४ ओहम, दोन्हीकडे ६०० वॅट. म्हणून लोडला व्होल्ट कमी पडताहेत की अँपिअर, हे आधी ठरवायचं आणि मग जोडणी निवडायची.

इथला कोणताच लोड अँपिअरसाठी अडलेला नव्हता. सब आणि बाहेरची लाइन, दोघांनाही व्होल्ट हवे होते.

पर्याय

पहिली सूचना गावातल्याच एका साऊंडवाल्याची होती. ॲम्पच्या मागे ‘पॅरलल’ लिहिलेला स्विच आहे, तो टाका, दोन लाल टोकं एकमेकांना जोडा, दोन्ही सब तिथे लावा. हा सल्ला धोक्याचा होता. बाजारातल्या बहुतेक ॲम्पवर, आणि या ॲम्पवरही, तो स्विच फक्त इनपुट एकत्र करतो. आउटपुट जोडण्याची सोय ज्या ॲम्पमध्ये मुद्दाम केलेली असते, त्याच्या पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. नसेल, तर दोन चॅनेल एकमेकांशीच भांडतात. डॅम्पिंग फॅक्टर (लोडचे ओहम भागिले ॲम्पचा आतला रोध) २०० धरला, तर ८ ओहमच्या हिशेबाने चॅनेलचा आतला रोध ०.०४ ओहम. दोन चॅनेलच्या गेनमध्ये (सिग्नल किती पट वाढतो त्यात) एक टक्का फरक असला, तर ४५ व्होल्टला ०.४५ व्होल्टचा फरक पडतो. मध्ये रोध ०.०८ ओहम. स्पीकरपर्यंत न पोचताच साडेपाच अँपिअर एका चॅनेलमधून दुसऱ्यात फिरतात.

दुसरा पर्याय दोन्ही सब सिरीजमध्ये, १६ ओहम, ब्रिजवर. सुरक्षित आणि फुकट. पण एकूण ६०० वॅट, म्हणजे सबमागे ३००, आणि एकाची कॉइल गेली की दोन्ही बंद.

तिसरा पर्याय प्रत्येक सबला स्वतंत्र ब्रिज. सबमागे १००० वॅट, म्हणजे सिरीजपेक्षा सुमारे ५ डेसिबल जास्त. केबलही नवी लागत नव्हती. रॅकपासून रंगमंचापर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची चार-कोअर केबल आधीच ओढलेली होती आणि तिचे दोन कोअर पडून होते. तीस मीटरच्या या केबलचा जाण्या-येण्याचा रोध सुमारे ०.४२ ओहम. ४ ओहमच्या लोडवर त्यात जवळजवळ ०.९ डेसिबल जात होते, ८ ओहमवर साडेचार दशांश. लांब केबलवर लोड जितका जास्त ओहमचा, तितकं बरं.

अडचण चॅनेलच्या संख्येची होती. सबला चार, बाहेरच्या लाइनला ब्रिजचे दोन, टॉपला दोन, बाल्कनीला दोन: एकूण दहा. हातात आठ. तिसरा ॲम्प घ्यायला कार्यकारिणीने नकार दिला.

बाहेरच्या लाइनसाठी आणखी एक वाट होती: एकच चॅनेल आणि त्यापुढे ५० ला १०० व्होल्ट करणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर. त्याने एक चॅनेल वाचला असता आणि लाइन अर्थपासून मोकळीही झाली असती. लाइनचा लोड ३०० वॅटवर आणला, तर तो ३३ ओहम होतो. ट्रान्सफॉर्मरमधून चॅनेलला त्याचा चौथा हिस्सा, सव्वाआठ ओहम, दिसतो. एका चॅनेलचं अगदी नेमकं ओझं. पण ५०० व्हीए चा, आवाजाच्या फ्रिक्वेन्सीला चालणारा ट्रान्सफॉर्मर तालुक्याला तयार मिळत नाही, गुंडाळून घ्यावा लागतो. संमेलनाआधी मिळणार नव्हता.

निर्णय

दोन चॅनेल वाचवायचे होते. ते टॉप आणि बाल्कनीतून वाचवले.

दोन्ही टॉप समांतर, ४ ओहम, एकाच चॅनेलवर. ५०० वॅट दोघांत, म्हणजे प्रत्येकी २५०. आधी प्रत्येकी ३०० मिळत होते, फरक ०.८ डेसिबल. तो कानाला कळत नाही. स्टिरिओ गेलं, पण मधल्या रांगा सोडल्या तर या सभागृहात ते कुणाला ऐकूच येत नव्हतं, आणि ज्यांना ते हवं असतं ते स्वतःचा संच आणतात. तोटा एकच आणि खरा: तो चॅनेल गेला की दोन्ही टॉप जातात. त्यासाठी बाल्कनीच्या चॅनेलची केबल टॉपला लागेल अशी रॅकमध्ये खूण करून ठेवली.

बाल्कनीचे चार स्पीकर सिरीज-समांतर: दोन-दोनच्या सिरीज जोड्या आणि त्या जोड्या समांतर. पुन्हा ८ ओहम, एका चॅनेलवर, स्पीकरमागे ७५ वॅट. ऐकणारे सात-आठ मीटरवर असताना भाषणाला ते पुरतं. चारही स्पीकर एकाच मॉडेलचे असल्यामुळेच हे चाललं. वेगवेगळे स्पीकर सिरीजमध्ये घातले की प्रत्येकाचा आवाज दुसऱ्याच्या इम्पीडन्सच्या चढउतारावर अवलंबून राहतो.

चारही सब-चॅनेल एका ॲम्पवर घेण्याऐवजी प्रत्येक ॲम्पवर एक सब ठेवला. उष्णता वाटली गेली आणि एक ॲम्प बंद पडला तरी एक सब उरतो. शेवटची मांडणी अशी: पहिला ॲम्प, ए-बी डावा सब, सी टॉप, डी बाल्कनी, दुसरा ॲम्प, ए-बी उजवा सब, सी-डी बाहेरची लाइन.

प्रत्यक्ष काम

सुरुवात बाहेरून झाली. चार कॉलम परत २० वॅटच्या टॅपिंगवर आणले, भोंगे राहू दिले. एकूण ३०० वॅट. मीटरवर ३४ ओहम आले. जुनं पॅनेल काढून दोन्ही तारा तोडणारे दुहेरी स्विच बसवले. हे स्विच शोभेचे नाहीत. रात्री दहानंतर बंदिस्त सभागृहाबाहेर ध्वनिक्षेपक चालवता येत नाही, त्यामुळे आतला कार्यक्रम चालू असताना अंगण आणि मैदान रोज वेगळं बंद करावं लागतं. पॅनेलच्या पत्र्याला अर्थिंग ठेवलं, लाइनच्या कोणत्याही तारेला नाही. त्यानंतर दोन्ही तारा आणि अर्थ यांच्यामध्ये रोध मोजला आणि तो मोकळा आल्यावरच ॲम्पला हात लावला.

ब्रिजचे स्विच ॲम्प बंद असतानाच बदलले. सिग्नल जोडीतल्या पहिल्या चॅनेलला, दुसऱ्याचा नॉब शून्यावर. लोड दोन लाल टोकांमध्ये; काळ्या टोकांना काहीही नाही. या लाइनवर ९८ व्होल्ट आरएमएस असतात, शिखराला १३९, म्हणून टोकांवर झाकण बसवलं.

स्पीकॉन (फिरवून अडकवायचे स्पीकरचे कनेक्टर) वापरणाऱ्यांनी इथे एक गोष्ट तपासावी. बऱ्याच ॲम्पवर ब्रिजचं आउटपुट एक-अधिक आणि दोन-अधिक या पिनांवर येतं, तर स्पीकरला एक-अधिक आणि एक-उणे लागतात. नेहमीची केबल लावली, तर आवाज येतो, पण एकाच चॅनेलचा. ‘ब्रिज करून काही फरक पडला नाही’ असं जेव्हा ऐकू येतं, तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं.

दोन्ही टोकं लाल असल्याने उजव्या सबची तार उलटी लागली. एकेक सब ऐकला तर ठीक, दोन्ही लावले की सभागृहाच्या मध्यरेषेवर बेस कमी. ही उलट जोडणीची हमखास खूण. पेनसेल लावून स्पीकरचा कागदी शंकू बाहेर येतो का ते पाहायची पद्धत चांगली आहे, पण ती स्पीकर आणि केबलच तपासते, ॲम्पवरची जोडणी नाही.

सर्वात महत्त्वाचं काम लिमिटरचं, म्हणजे सिग्नल ठरलेल्या पातळीवर अडवणाऱ्या यंत्रणेचं होतं. ॲम्पचा गेन एका चॅनेलला ४० पट, ब्रिजमध्ये ८० पट, म्हणजे ६ डेसिबल जास्त. ६०० वॅट ८ ओहमला ६९ व्होल्ट लागतात. एका चॅनेलच्या हिशेबाने त्यासाठी इनपुटला १.७३ व्होल्ट, म्हणजे अधिक ७ डीबीयू (०.७७५ व्होल्टला शून्य धरून डेसिबलमध्ये सांगितलेली सिग्नलची पातळी). ब्रिजच्या हिशेबाने ०.८७ व्होल्ट, अधिक १ डीबीयू. प्रोसेसरमध्ये जुना आकडा ७ च होता. ब्रिज तर अधिक ३ डीबीयूलाच क्लिप होतो, म्हणजे हा लिमिटर कधी कामाला लागलेलाच नव्हता. आता सावकाश लिमिटर अधिक १ वर आणि शिखराचा अधिक ३ वर ठेवला. तपासणी अशी केली: सब सोडवले, ५० हर्ट्झची साइन लावली, ट्रू-आरएमएस मल्टीमीटर दोन लाल टोकांमध्ये धरला आणि व्होल्ट ६९ वर थांबतात का पाहिलं. ऑसिलोस्कोपची काळी क्लिप ब्रिजच्या टोकाला लावायची नाही. ती अर्थला जोडलेली असते आणि चॅनेल शॉर्ट होतो.

बाहेरच्या लाइनला १२० हर्ट्झखाली, दर सप्तकाला २४ डेसिबलच्या उताराने, कापलं. कमी फ्रिक्वेन्सीला कॉलममधले छोटे ट्रान्सफॉर्मर संपृक्त होतात आणि लाइनचा इम्पीडन्स एकदम कोसळतो.

निकाल

स्नेहसंमेलनाच्या दोन्ही संध्याकाळी प्रोटेक्टचा दिवा लागला नाही. टेबलफॅन काढून टाकला. मैदानाच्या टोकाला सूचना पुन्हा कळू लागली. चॅनेलवरचे ४९ व्होल्ट ९८ झाले, म्हणजे ६ डेसिबल वाढ, तीही टॅपिंग उतरवून. टॉप मोनो झाल्याचं कुणी विचारलं नाही.

जुलैमध्ये बाहेरची लाइन बंद पडली. मागच्या भिंतीवरच्या एका कॉलमच्या पेटीत पाणी शिरून एक तार ओल्या लोखंडी ब्रॅकेटला लागली होती. एकाच ठिकाणी, एकच तार. एकट्या चॅनेलवर किंवा ट्रान्सफॉर्मरवर निम्मी शक्यता तरी होती की ती कुणाच्या लक्षातही आली नसती. ब्रिजवर कोणतीही तार अर्थला लागली की लाइन जाते. दुहेरी स्विचमुळे तो विभाग तोडून बाकीचे तीन लगेच सुरू करता आले.

वेगळं काय करता आलं असतं

घाईतही ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर त्याच आठवड्यात द्यायला हवी होती. ब्रिज हा संमेलनापुरता उपाय म्हणून योग्य होता, पण पावसात भिजणाऱ्या लाइनला मोकळी दुय्यम बाजूच हवी. ३०० वॅटच्या लाइनसाठी १००० वॅटची जोडी अडकवणंही महागडं: तिथे वॅट नको होते, फक्त व्होल्ट हवे होते, आणि ते काम तारेची गुंडाळी करते.

नूतनीकरणाच्या वेळी लाइन एकदा मोजली असती, तर पॅनेलचं अर्थिंग तेव्हाच सापडलं असतं. खरेदीतही प्रश्न उलट्या क्रमाने विचारले गेले. आधी ॲम्प आले, मग लोड मोजले. जोड्या हव्या तशा ब्रिज किंवा समांतर करता येणारा आणि २ ओहमला टिकणारा ॲम्प घेतला असता, तर दोन्ही सब एका ब्रिजवर चालले असते. तो महाग असतो. सरसकट घ्यावाच असं नाही.

ट्रान्सफॉर्मर दिवाळीनंतर बसला: ५०० व्हीए, ५० ला १००, इनपुटला तोच १२० हर्ट्झचा कट. लाइन सी चॅनेलवर गेली आणि डी मोकळा झाला. तो स्टिरिओसाठी न वापरता दुसऱ्या टॉपला दिला आहे, मोनोच, म्हणजे एक चॅनेल गेला तरी एक टॉप बोलत राहील. रॅकच्या दारावर आता जुन्या चिठ्ठीच्या जागी प्रत्येक आउटपुटसमोर लोड किती ओहम, कोणत्या तारखेला मोजला आणि एक चॅनेल की ब्रिज, हे लिहिलेला तक्ता आहे.